क्रॉप सेन्सरसाठी एफ/२.८ झूम घ्यायची आहे, नक्की कुठली?

कवडसा
नमस्कार मंडळी, इथलं बरेच दिवस वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. माझ्याकडे सोनी ए६४०० आहे (क्रॉप सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि सोबत आलेली १६-५० एफ/३.५-५.६ किट लेन्स. बाहेर उजेडात काहीच तक्रार नाही. पण मला जास्त करून हॉलमधले, स्टेजवरचे कार्यक्रम काढायचे असतात, नाच, नाटकाच्या तालमी वगैरे, शिवाय घरात मुलांचे फोटो, आणि तिथेच सगळं अडतं. झूम केलं की अॅपर्चर ५.६ वर जाऊन बसतं, शटर १/६० च्या पुढे न्यायला गेले की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्याही वर पळतो, आणि १/६० ला नाचणाऱ्याचे हात हललेलेच येतात. प्रवासातही हीच लेन्स वापरायची आहे.

यादीत सध्या सिग्मा १८-५० एफ/२.८, टॅमरॉन १७-७० एफ/२.८, सोनी १६-५५ एफ/२.८ जी आणि नवीन आलेली सिग्मा १७-४० एफ/१.८ आहेत. रिव्ह्यू वाचून वाचून डोकं भणभणायला लागलंय, सगळ्याच चांगल्या म्हणतात. घ्यायची एकच आहे. तुम्ही काय बघून ठरवाल?

तिपाई
कवडसा, काय काढायचंय ते आधीच सांगितलंत हे फार बरं केलंत, सगळं त्यावरच ठरतं.

आधी प्रकाशाचा हिशोब करू. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अॅपर्चर, जास्त उघडं, आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. ५.६ वरून २.८ म्हणजे दोन स्टॉप, चौपट प्रकाश. तुमचं १/६० चं शटर त्याच आयएसओला १/२५० होतं. १/२५० ला साध्या हालचालीत अंग आणि चेहरा स्थिर येतात, हाताचे पंजे वेगात असले तर थोडे हलतात, उडी किंवा गिरकी असेल तर १/५०० लागतंच. पण नीट बघा, हा चौपट फायदा फक्त लांबच्या टोकाला आहे. १६ एमएमला तुमची किट ३.५ उघडते, तिथून २.८ म्हणजे जेमतेम दोन तृतीयांश स्टॉप, फोटोत पटकन कळणारही नाही. म्हणजे फास्ट झूमला आपण पैसे मोजतो ते बहुतेक लांबच्या टोकासाठी मोजतो.

म्हणून लेन्सचे रिव्ह्यू बाजूला ठेवा आणि स्वतःचे जुने फोटो उघडा. कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेन्थवर फिल्टर लावता येतो. कार्यक्रमांचे वेगळे बघा, प्रवासाचे वेगळे बघा. कुठल्या आकड्यावर गर्दी आहे ते इथे सांगा, मग बोलू.

भिंग
मी वेगळं सांगतो. झूमच्या भानगडीत न पडता सिग्मा ५६ एफ/१.४ घ्या. २८० ग्रॅमची लेन्स, २.८ पेक्षा दोन स्टॉप जास्त प्रकाश, म्हणजे तुमच्या किटच्या लांबच्या टोकाच्या तुलनेत चार स्टॉप. जिथे ६४०० लागत होता तिथे २.८ ने १/२५० मिळतं, १.४ ने १/२५० घेऊन आयएसओ १६०० वर येतो. एवढा फरक कुठलीच झूम देऊ शकत नाही. बाहेर फिरायला किट आहेच की.

रात्रपाळी
भिंग, आकडे पटतात पण स्टेजचं काम प्राइमवर (झूम न होणाऱ्या लेन्सवर) भागवणं फार अवघड आहे हो. मी नाटकांचे फोटो बऱ्याच वर्षांपासून काढतेय. आपल्याला हलता येत नाही, एका कडेला किंवा पहिल्या रांगेत खाली बसून काढायचं. एक पात्र पुढे कडेला येतं, दुसरं मागे पायऱ्यांवर असतं, दोघांना एकत्र घ्यायचं तर १८ लागतो आणि पुढच्या वाक्याला चेहरा हवा तर ७०, मध्ये दोन सेकंद असतात. ५६ लावून बसलं की अर्धे प्रसंग नुसते बघायचे. आणि १.४ ला दोन माणसं मागेपुढे उभी असतील तर एकच फोकसमध्ये येतो, दुसरा गेला. अॅपर्चर बंद करत २.८ वर आणलं तर मग १.४ चा उपयोग काय उरला.

एफ/२.८ कायम असण्याचा अजून एक फायदा लोक सांगत नाहीत. स्टेजवर मी कायम मॅन्युअल मोडला असते, कारण मागचा पडदा काळा असतो आणि कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, मग तो एक्सपोजर वाढवतो आणि स्पॉटलाइटमधला चेहरा पांढरा फटक होतो. मॅन्युअलला २.८, १/२५०, आयएसओ ३२०० असं एकदा लावलं की झूम कितीही फिरवा, चेहऱ्याचं एक्सपोजर तेच राहतं. किट लेन्सवर हे जमत नाही, १६ ला ३.५ लावलं की ५० ला जाताना स्वतःच ५.६ होते आणि फोटो काळा. २.८ पेक्षाही मला हे 'कायम' प्रकरण महत्त्वाचं वाटतं.

आणि कवडसा, ए६४०० वर सायलेंट शटर स्टेजला वापरत असाल तर जपून. एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे येतात. कुठलीही लेन्स घ्या, ते पट्टे तसेच राहतील. मेकॅनिकल शटर ठेवा.

कवडसा
रात्रपाळी, पट्ट्यांचं नेमकं हेच होत होतं! मला वाटायचं कॅमेऱ्यात बिघाड आहे. खूप आभार.

तिपाईंनी सांगितल्याप्रमाणे फोटो बघितले. कार्यक्रमांचे जवळपास सगळे ५० वर आहेत, म्हणजे झूम संपली म्हणून ५० वर थांबलेय असंच दिसतंय, कित्येक नंतर क्रॉप पण केलेत. प्रवासाचे बरेच १६ वर, आणि मधल्या आकड्यांवर फारच कमी. आता हे म्हणजे दोन्ही टोकं हवीत असं झालं ना?

तिपाई
झालं की निम्मं काम. ५० वर गर्दी आणि वर क्रॉप, याचा अर्थ तुम्हाला ५० पुरत नाही. तेव्हा १७-४० यादीतून काढा. लेन्स म्हणून ती जबरदस्त आहे, क्रॉप सेन्सरला कायम १.८ देणारी झूम आहे, पण ४० ला संपते आणि तुम्हाला ५० पण कमी पडतंय. १८-५० आत्ता आहे तिथेच आणून ठेवते. राहिल्या १६-५५ आणि १७-७०.

उजवा_किनारा
थांबा, १७-४० इतकी पटकन काढू नका. १.८ आणि २.८ मध्ये सव्वा स्टॉपचा फरक आहे, जवळजवळ अडीच पट प्रकाश. ४० ला काढून क्रॉप केलं तरी चालेल ना?

उपरा
उजवा_किनारा, चालेल, पण हिशोब करून बघितला की क्रॉपमध्ये तो फायदा निघून जातो. ४० एमएमच्या फोटोतून ७० एमएमइतकी चौकट कापायची तर लांबी रुंदी दोन्ही पावणेदोनपट कमी होतात, म्हणजे सेन्सरचा साधारण एक तृतीयांश भागच वापरला. उरलेल्या दोन तृतीयांश भागावर पडलेला प्रकाश फेकून दिला. अडीच पट जास्त घेतला आणि एक तृतीयांश ठेवला, हातात आधीपेक्षा कमीच उरलं. शिवाय २४ मेगापिक्सेलचे आठ झाले.

बॅकग्राउंड ब्लरचंही असंच आहे. सगळे नुसता एफ नंबर बघतात. मागचं दूरचं दृश्य किती विरघळेल ते ठरतं लेन्सच्या उघड्या भोकाच्या खऱ्या व्यासावर, आणि तो काढायचा म्हणजे फोकल लेन्थ भागिले एफ नंबर. माणूस फोटोत तेवढाच मोठा ठेवलाय असं धरा. तुमची किट ५० ला ५.६, म्हणजे ९ एमएमचं भोक. सिग्मा १८-५०, ५० ला २.८, जवळपास १८. सिग्मा १७-४०, ४० ला १.८, म्हणजे २२. टॅमरॉन १७-७०, ७० ला २.८, बरोबर २५. म्हणजे २.८ वाली टॅमरॉन १.८ वालीपेक्षा थोडा जास्तच ब्लर देते, कारण ती लांब जाते. भिंगने सांगितलेली ५६ एफ/१.४ तर ४० एमएम आहे, तिच्या आसपास कुठलीच येत नाही हे मात्र खरं.

हा भागाकार एकदा हातात बसला ना, की कुठलीही लेन्स कुठल्याही लेन्सशी ताडून बघता येते.

भिंग
उपरा, सुंदर समजावलंत. मी माझ्या ५६ वर ठाम आहे पण एकच लेन्स आणि तीही स्टेजसाठी म्हटलं तर रात्रपाळींचं म्हणणं मान्य.

दवबिंदू
एक मुद्दा राहून जातोय, ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही. किट लेन्समध्ये आहे त्यामुळे कवडसा तुम्हाला आत्तापर्यंत त्याची उणीव जाणवली नसेल. सोनी १६-५५ जी मध्ये नाही, सिग्मा १८-५० मध्ये नाही, १७-४० मध्ये पण नाही. तुमच्या यादीत फक्त टॅमरॉनमध्ये आहे, ते त्याला व्हीसी म्हणतात. संध्याकाळी प्रवासात जुन्या वास्तूच्या आत हातात धरून १/१५ ला काढायची सवय असेल तर हा फरक लगेच जाणवतो. २.८ ने दोन स्टॉप कमवायचे आणि स्टॅबिलायझेशन गेलं म्हणून तेच परत घालवायचे असं होतं स्थिर विषयांच्या बाबतीत.

रात्रपाळी
दवबिंदू बरोबर, फक्त एवढंच जोडते की स्टॅबिलायझेशन आपला हात स्थिर करतं, नाचणारीला थांबवत नाही. स्टेजवर १/२५० ला ते असून नसून सारखंच. तेव्हा कार्यक्रमांसाठी एफ/२.८ आणि प्रवासासाठी व्हीसी, असे दोन वेगवेगळे उपयोग धरा.

पायवाट
मी सिग्मा १८-५० वाला. माझं म्हणणं ऐकून तरी घ्या. २९० ग्रॅम! ए६४०० ची बॉडी ४०३ ग्रॅम आहे, टॅमरॉन १७-७० आहे ५२५, म्हणजे लेन्सच बॉडीपेक्षा जड. या बॉडीची ग्रिप लहान आहे, टॅमरॉन लावली की कॅमेरा पुढे झुकतो, एका हातात धरून चालता येत नाही, डावा हात कायम लेन्सखाली लागतो. सिग्मा लावलेला कॅमेरा लहान झोळीत जातो, दिवसभर गळ्यात राहतो. जवळून फोकस पण भारी आहे, १८ ला १२ सेंटीमीटरवर, लेन्सच्या काचेला जवळजवळ चिकटून फूल काढता येतं. प्रवास जास्त असेल तर मी डोळे झाकून हीच सांगतो. घरी कपाटात राहिलेली लेन्स किती का फास्ट असेना, तिचा उपयोग शून्य.

कवडसा
पायवाट, हेच तर मला सतावत होतं. पण माझा प्रवास वर्षातून थोडा, कार्यक्रम मात्र सतत चालू असतात. आणि तिथे मी बसूनच असते, वजनाचं फार वाटत नाही.

१६ वरून १७ किंवा १८ वर आल्याने रुंदीत खूप फरक पडतो का? प्रवासाचे बरेच १६ वर आहेत म्हणून विचारतेय.

उपरा
क्रॉप सेन्सरवर आडवा कोन १६ ला साधारण ७२ अंश, १७ ला ६९, १८ ला ६६. वाइडच्या बाजूला एकेक एमएम मोजावा लागतो, लांबच्या बाजूला ५० की ५५ यात काही कळत नाही. तरी १६ चं १७ झाल्याने एक पाऊल मागे सरकावं लागेल, एवढंच. १८ झालं की लहान खोलीत भिंत आडवी येते. आणि किट लेन्स लहानशी आहे, देऊन टाकू नका, खिशात ठेवा, भर दिवसा वाइडला ती चालून जाते.

गिंबलवाला
व्हिडिओ करणार असाल तर सांगतो. १७-४० आणि जुनी १८-३५ एफ/१.८ यांची झूम आतल्या आत होते, लांबी बदलत नाही, गिंबलवर (चालताना कॅमेरा तोलून धरणारी दांडी) बॅलन्स बिघडत नाही. १८-५० आणि १७-७० बाहेर येतात, प्रत्येक वेळी परत बॅलन्स करावा लागतो. फक्त फोटो असतील तर विसरून जा.

कवडसा
फक्त फोटो.

आडदांड
माझा सल्ला कदाचित आवडणार नाही, पण क्रॉपच्या झूममध्ये पैसे घालण्याआधी फुल फ्रेमचा विचार करा. टॅमरॉन २८-७५ एफ/२.८ जी२ फुल फ्रेमसाठी असून ५४० ग्रॅम आहे, म्हणजे १७-७० इतकीच. एफ/२.८ तेच, पण सेन्सर सव्वादोनपट मोठा, त्यामुळे त्याच आयएसओला फोटो सव्वा स्टॉपने स्वच्छ. माझा स्टेजचा सगळा नॉईजचा प्रश्न तिथे संपला.

तिपाई
आडदांड, तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यासाठी बॉडी पण बदलायची आणि वर ७५ ला थांबायचं, जे क्रॉपवरच्या ५० इतकंच झालं. कवडसांना तेच कमी पडतंय. फुल फ्रेमला त्यांना ७०-१८० किंवा ७०-२०० एफ/२.८ घ्यावी लागेल, मग वाइडला वेगळी. त्यांनी एकच लेन्स म्हटलंय.

उलट १७-७० क्रॉपवर म्हणजे २५ ते १०५ चा फुल फ्रेम कोन झाला. फुल फ्रेमवाले हीच रेंज २४-१०५ एफ/४ मध्ये वर्षानुवर्षं वापरतात, आणि क्रॉपवरचं २.८ हे ब्लर आणि नॉईजच्या दृष्टीने फुल फ्रेमच्या एफ/४ च्या जवळपास जाणारं. म्हणजे १७-७० मध्ये तुम्हाला साधारण तीच लेन्स अर्ध्या आकाराच्या सेन्सरला मिळतेय. मला विचाराल तर तुमच्या कामाला १७-७०. सोनी १६-५५ जी ४९४ ग्रॅम, कडेपर्यंत खणखणीत शार्प, १६ पण मिळतात, पण ५५ ला संपते आणि स्टॅबिलायझेशन नाही. लँडस्केपवाल्याला मी तीच सांगितली असती.

दवबिंदू
+१ तिपाई.

रात्रपाळी
मीपण १७-७०. एक सांगते, हॉल मोठा असेल आणि जागा मागे मिळाली तर ७० सुद्धा पुरणार नाही, आधीच सांगून ठेवते म्हणजे अपेक्षा नको. सहाव्या सातव्या रांगेपासून पुढे नुसता चेहरा हवा असेल तर ७०-१८० सारखीच लागते. शक्यतो आयोजकांना विचारून पुढची कडेची जागा मागून घ्या, लेन्सपेक्षा त्या जागेने फोटो जास्त सुधारतात.

कवडसा
सगळ्यांचे मनापासून आभार. १७-७० घेतेय, ठरलं. आल्यावर काय काय तपासून घ्यावं? परत करायची मुदत असते तेवढ्यात बघायला हवं.

तिपाई
हे नीट करा, कारण झूममध्ये काचा खूप असतात आणि एखादी किंचित तिरकी बसली तर फोटोची एक बाजू कायम मऊ येते. त्याला डिसेंटर्ड म्हणतात.

लोक भिंतीच्या विटांचा फोटो काढून बघतात, पण कॅमेरा भिंतीला अगदी समांतर नसेल तर चांगल्या लेन्सचीही एक बाजू मऊ दिसते आणि उगाच परत पाठवली जाते. त्यापेक्षा लांबचं काहीतरी बारीक तपशिलाचं निवडा, दूरच्या इमारतीवरची खिडकी, टॉवर, काहीही. तिपाईवर कॅमेरा, अॅपर्चर २.८, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. तीच खिडकी आधी वरच्या डाव्या कोपऱ्यात आणा, तिथेच फोकस करून फोटो, मग वरचा उजवा, मग खालचे दोन. प्रत्येक वेळी कोपऱ्यावर नव्याने फोकस करायचा. १७, ३५ आणि ७० तिन्हीला करा. मग चारही कोपरे १०० टक्के मोठे करून शेजारी शेजारी ठेवा. कोपरे मधल्यापेक्षा मऊ असणारच, त्याची काळजी नको. चारही साधारण सारखे मऊ हवेत. एकच कोपरा किंवा एकच बाजू स्पष्टपणे वाईट असेल तर बदलून मागा.

रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने काहीच सुधारणा न केलेल्या) १७ ला कडा फुगलेल्या दिसल्या तर घाबरू नका. आजकालच्या लेन्समध्ये ते काम सॉफ्टवेअरवर सोडलेलं असतं, प्रोफाइल लावलं की सरळ होतं.

दवबिंदू
आणि उघड्या खिडकीसमोर कुणाला तरी चालायला सांगून सलग फोटो काढून ऑटोफोकस बघा, ७० ला. डोळ्यावरचा फोकस सुटतोय का ते.

मधली_फळी
धागा वाचून विचारतोय, माझ्याकडे जुना डीएसएलआर आहे, क्रॉप सेन्सरचाच, कॅनन. नवीन मिररलेस इतक्यात घेणार नाही. मला यातलं काय लागू पडतं? वापरलेली चालेल.

पायवाट
हिशोब सगळा तोच. डीएसएलआरला कॅनन १७-५५ एफ/२.८ आयएस, सिग्मा १७-५० एफ/२.८ ओएस, टॅमरॉन १७-५० एफ/२.८ या तिघी मिळतात, २००६ ते २०१० च्या काळातल्या आहेत त्यामुळे नीट तपासून घ्या. आयएस, ओएस म्हणजेही स्टॅबिलायझेशनच. टॅमरॉनची आधीची आवृत्ती व्हीसीशिवाय आहे, नंतरची व्हीसीवाली.

मागच्या बाजूने अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून टॉर्च तिरका मारा आणि समोरून बघा. धूळ दोन चार कण असेल तर चालते. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी, घेऊ नका. सगळी काच दुधट दिसली तरी नको. अॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचा डाग नको. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर कुणीतरी उघडलेली आहे असं समजा. झूम रिंग सगळीकडे सारखी फिरली पाहिजे, मध्येच अडकायला नको.

तिपाई
मधली_फळी, आणखी एक, तुमच्या बॉडीत फोकसचा सेन्सर वेगळा असतो, फोटो घेणाऱ्या सेन्सरवर तो मोजत नाही, म्हणून २.८ ला फोकस थोडा पुढे मागे पडू शकतो. एकदा व्ह्यूफाइंडरमधून काढा, एकदा मागच्या स्क्रीनवर बघून, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमधून, तोच विषय, तिपाईवर. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला तर लेन्स चांगली आहे, जुळणी चुकलीय. बॉडीत ऑटोफोकस मायक्रोअॅडजस्टमेंटची सोय असेल तर तिथेच दुरुस्त होतं. सगळ्या मॉडेलमध्ये नसते, आधी मेनू बघून मग लेन्स बघायला जा.

मधली_फळी
आहे मेनूत. उद्या टॉर्च घेऊन जातो.

कवडसा
लेन्स आली. कोपरे तपासले, ३५ आणि ७० चे चारही सारखेच आहेत, १७ ला उजवा खालचा अगदी किंचित मऊ वाटतोय पण ४ ला सारखा होतो, राहू दे ना? काल तालमीत वापरली, ७० ला २.८, १/२५०, आयएसओ ४०००. हात स्थिर आलेत.

तिपाई
४ ला सारखा होतोय आणि स्टेजवर कोपऱ्यात अंधारच असतो, तेव्हा राहू द्या. तालमीचा एखादा फोटो टाका की इथे, शक्यतो गिरकीचा.